कॉलेजच्या कारभारात आपला शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या कॉलेजात जीएस, म्हणजे विद्यार्थी परिषदेचा सचिव, होतो. आज एका कॉलेजात शिकवतो आणि चार-पाच समित्यांवर बसतो. दर वर्षी जून-जुलैत मुलं तेच प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दाराशी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सगळं महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांपुरतं आहे.

आमच्या वर्गात सीआर (क्लास रिप्रेझेंटेटिव्ह) आहे. तोच आमचा प्रतिनिधी ना?

बहुतेक ठिकाणी सीआर म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन. सर येणार नसले की तो कळवतो, असाइनमेंटचे गठ्ठे स्टाफरूममध्ये नेऊन ठेवतो, सहलीचे पैसे गोळा करतो. ही कामं लागतातच. पण माहिती वरून खाली येते, खालून वर काही जात नाही.

कायद्यातला वर्गप्रतिनिधी वेगळा. वर्गानं मत देऊन निवडलेला, आणि त्यामुळे कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा सदस्य. 'कोण होतंय सीआर? तू हो' म्हणत पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बोट दाखवलं गेलं असेल, तर तो सरांचा मदतनीस झाला. प्रतिनिधी नाही.

कायदा नक्की कोणता? आमच्या कॉलेजला लागू आहे का?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. अमलात आला १ मार्च २०१७ पासून. त्याआधी १९९४ चा कायदा होता. नवा कायदा करण्यापूर्वी राम ताकवले, अरुण निगवेकर आणि अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन समित्यांनी अहवाल दिले होते. विद्यार्थी परिषदेसाठी कलम ९९ वाचा. महाविद्यालय विकास समितीसाठी कलम ९७.

मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा, नागपूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गोंडवाना आणि एसएनडीटी या विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न कॉलेजांना तो लागू आहे. कृषी विद्यापीठं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, अभिमत आणि खासगी विद्यापीठं यांचे कायदे-नियम वेगळे. मेडिकलची मुलं कलम ९९ घेऊन येतात तेव्हा मला त्यांना परत पाठवावं लागतं.

कॉलेजमधल्या निवडणुका बंद का झाल्या? आणि परत सुरू झाल्या की नाही?

वडिलांना विचारा. ऐंशीच्या दशकात कॉलेजात असतील तर डोळे चमकतील. पॅनेलं, रंगलेल्या भिंती, ट्रकमधून मिरवणुका, मतदानाच्या आदल्या दिवशी 'पिकनिक'ला नेलेले प्रतिनिधी. आज राजकारणात दिसणारे कितीतरी चेहरे त्या गदारोळातूनच वर आले. मारामाऱ्याही तितक्याच होत. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि खुल्या निवडणुका नकोत असं मत जोर धरू लागलं. १९९४ च्या कायद्यानं त्या बंद केल्या.

त्यांच्या जागी आली गुणवत्ता. आदल्या वर्षीच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप परिषदेवर, आणि या पहिल्या आलेल्यांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा. मी असाच जीएस झालो. एस.वाय. बी.एस्सी.ला मार्क जास्त पडले एवढंच माझं कर्तृत्व. घरून सायकलनं यायचो, तास संपला की परत जायचो. होस्टेलला पाणी आठवड्यातून किती दिवस येतं, हे मला पद मिळाल्यावर तीन महिन्यांनी कळलं, तेही होस्टेलच्या मुलानं भर कँटीनमध्ये झापलं तेव्हा. तो बोलला ते खरं होतं. मला कुणी निवडलंच नव्हतं, तर मी कुणाला जाब देणार?

२०१६ च्या कायद्यानं थेट निवडणूक परत आणली. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून फिरत्या क्रमानं एक प्रतिनिधी ही चार पदं सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या मतानं भरायची, आणि प्रत्येक वर्गानं आपला प्रतिनिधी निवडायचा. विद्यापीठ स्तरावरच्या परिषदेसाठी मात्र कॉलेजांतून निवडून आलेले पदाधिकारी मतदान करतात, सगळे विद्यार्थी नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये निवडणुकीचे परिनियम निघाले. २०१९ च्या पावसाळ्यात वेळापत्रकही आलं, आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना. मग 'लवकरच'. २०२४-२५ हे वर्षही तसंच सरलं.

तेव्हा उत्तर असं: कायद्यात निवडणूक सुरू आहे, कॉलेजात बंद.

लिंगडोह समिती म्हणजे काय?

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेली समिती. २००६ साली तिनं अहवाल दिला आणि त्याच वर्षी न्यायालयानं त्याची अंमलबजावणी करायला सांगितलं. एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. छापील पोस्टर नाही, लाउडस्पीकर नाही. किमान ७५ टक्के हजेरी, त्या वर्षी विषय राहिलेला नको. पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२. पदाधिकारी म्हणून उभं राहण्याची संधी एकदाच. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत उरकायचं.

दारू आणि गुंडगिरीला वेसण बसावी म्हणून हे नियम आले, ते समजतं. 'पदासाठी एकदाच उभं राहायचं' हा नियम मात्र मला कधीच पटला नाही. पहिलं वर्ष इतिवृत्त (बैठकीची लेखी नोंद) म्हणजे काय ते कळण्यातच जातं, आणि कळेपर्यंत मुदत संपते.

निवडणूकच होत नसेल तर आमचं म्हणणं कुठे पोचणार?

इथे बहुतेक मुलं हात झटकतात, आणि मला नेमकं इथेच बोलायचं आहे. परिषद नसली तरी कॉलेजात निदान चार-पाच ठिकाणी विद्यार्थ्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्यासाठी ठेवलेल्या फाइलमध्ये त्या खुर्चीवर कुणाचं तरी नावही असतं. पुष्कळदा त्या मुलाला किंवा मुलीलाच ते माहीत नसतं! एका वर्षी मी आमच्याच समितीच्या यादीतलं नाव वाचून त्या मुलीला बोलावलं, तर ती घाबरून म्हणाली, "सर, मी काही केलं नाही."

महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर, म्हणजे ज्याला सगळे 'आयक्यूएसी' म्हणतात त्यावर, विद्यार्थी असतो. रॅगिंगविरोधी समितीवर नव्या आणि जुन्या, दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घ्यावे लागतात. विद्यार्थी तक्रार निवारण समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन स्तरांवरचे तीन विद्यार्थी हवेत. तेही निवडून आलेले, नेमलेले नव्हेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच विनियमांप्रमाणे कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता असे वरिष्ठ पदाधिकारी या समितीवर बसू शकत नाहीत.

पहिलं काम सोपं आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर जा, 'समित्या' उघडा, विद्यार्थी सदस्यांची नावं वाचा, आणि त्यांना शोधून काढा. कधी कधी त्यातला एखादा दोन वर्षांपूर्वीच पास होऊन पुण्याला नोकरीला लागलेला असतो. तसं असेल तर प्राचार्यांना लिहायला तुमच्याकडे पहिला मुद्दा तयार आहे.

महाविद्यालय विकास समितीत एवढं काय ठरतं?

जवळपास सगळं. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक आणि शिक्षकेतर प्रतिनिधी, गावातली चार मंडळी. पूर्वी हिला स्थानिक व्यवस्थापन समिती म्हणत, जुने शिक्षक अजून 'एलएमसी'च म्हणतात. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. अंदाजपत्रक, नवे कोर्स, वार्षिक कार्यक्रम, विद्यार्थ्यांच्या कल्याणाच्या शिफारशी, सगळं इथून जातं. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं तर शिपायाचा जादा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न शेवटी याच टेबलावर येतो. म्हणून वाचनालयाची मागणी ग्रंथपालांकडे करून थांबू नका. त्यांच्या हातात किल्ली आहे, पैसे नाहीत.

परिषदच अस्तित्वात नसल्यामुळे या समितीतल्या विद्यार्थ्यांच्या दोन जागा बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहतात. निवडणूक होईपर्यंत दोन विद्यार्थ्यांना निमंत्रित म्हणून बोलवा, अशी लेखी विनंती करता येते. प्राचार्यांवर बंधन नाही, पण अडचणही नाही. आमच्याकडे दोन वर्षं असं चाललं आणि आकाश कोसळलं नाही.

होस्टेलच्या मेसचं जेवण वाईट आहे. तक्रार करून काही होत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

'जेवण वाईट आहे' या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. रेक्टर कंत्राटदाराला बोलावतात, तो म्हणतो, "सर, घरी तरी यांना असं मिळतं का?", सगळे हसतात आणि विषय संपतो. आमच्या जुन्या होस्टेलच्या मुलांनी एकदा वेगळं केलं. शंभर पानी वही घेतली आणि तीन आठवडे रोज दोन्ही वेळचं लिहिलं: भाजी कोणती, पोळ्या कच्च्या होत्या का, दूध आलं का, किती मुलं न जेवता उठली. मग भिंतीवर लावलेला ठरलेला मेन्यू शेजारी ठेवला. मेन्यूत आठवड्यातून दोनदा उसळ होती, वहीत तीन आठवड्यांत मिळून एकदा. या वेळी कंत्राटदाराला हसू आलं नाही.

जेवण अमृतासारखं झालं असं नाही. उसळ आली, एवढंच. पण त्या वहीमुळे पुढच्या वर्षीच्या कंत्राटात मेस समितीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या सहीशिवाय महिन्याचं बिल काढायचं नाही, अशी अट घालून घेता आली. मुलं उसळीसाठी भांडत होती, त्यांच्या हाती सही आली.

तेव्हा कंत्राटाची प्रत मागा. निविदा कधी निघते ते विचारा, कारण अटी तेव्हाच बदलतात; वर्षाच्या मध्ये कंत्राटदार बदलणं कुणालाच जमत नाही. मेस समिती नसेल तर ती आधी मागा.

अर्ज कसा द्यायचा?

कागदावर द्या आणि दोन प्रतींत द्या. एक प्रत कार्यालयात, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. याला पोच घेणं म्हणतात. 'सरांना तोंडी सांगितलंय' याला ऑफिसात काडीची किंमत नाही. पोच असलेला कागद मात्र फाइलला लागतो, आणि फाइलला लागलेल्या कागदाची सरकारी कार्यपद्धतीत फार भीती असते. हेडक्लार्क पोच द्यायला कां कू करू लागले तर ईमेल करा किंवा रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा.

एका अर्जात एकच विषय. मागणी पहिल्या चार ओळींत. 'आम्हां विद्यार्थ्यांवर घोर अन्याय' वगैरे नको. 'मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी १२ जुलैपासून तुटलेली आहे, ती आठवड्यात बसवावी' हे पुरे. खाली सह्या, नाव आणि वर्गासह. सह्या गोल आकारात करण्याची जुनी युक्ती आहे, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही. मुलं अजून ती करतात, आणि मला ती अजून आवडते.

तक्रार केली तर इंटर्नलचे मार्क कापतील, त्याचं काय?

भीती खरी आहे. 'असं काही होत नाही' असं मी म्हणणार नाही. वीस-तीस मार्क ज्याच्या हातात असतात, त्याच्यासमोर एकट्यानं उभं राहणं कठीण असतं. म्हणून एकट्यानं जाऊ नका. सामूहिक अर्ज करा, आणि शक्यतो प्रश्न व्यवस्थेचा मांडा, माणसाचा नको.

प्रश्न माणसाचाच असेल तर वाट वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, आणि त्यांच्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. लोकपाल कोण, हे विद्यापीठाच्या वेबसाइटवर असायला हवं. नसेल तर तीही तक्रारच आहे.

रॅगिंगसाठी कुणाची वाट पाहू नका. २४ तास चालणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२.

कॉलेज माहितीच देत नाही. माहितीचा अधिकार वापरता येतो का?

विद्यापीठं आणि अनुदानित कॉलेजांसाठी येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'का' विचारू नका, 'प्रत द्या' म्हणा: समितीच्या बैठकांच्या इतिवृत्ताची प्रत, विद्यार्थी निधीच्या जमाखर्चाची प्रत. फीच्या पावतीवर जिमखाना, नियतकालिक, विद्यार्थी सहाय्य अशा नावांखाली तुमच्याकडून पैसे घेतलेले असतात. ते कुठे गेले, हे विचारायला संकोच कसला?

पण हे आधी विनंती करून पाहिल्यानंतर. पहिल्याच दिवशी आरटीआय टाकणाऱ्याशी ऑफिस वर्षभर अबोला धरतं, हा माझा अनुभव आहे.

बातम्यांत 'सिनेट निवडणूक' येते, ती आमचीच ना?

नाही. हा गोंधळ दर वेळी होतो. सिनेट म्हणजे विद्यापीठाची अधिसभा. तिच्या ज्या निवडणुकीचे मथळे येतात, ती बहुतेक वेळा नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागांची असते. मुंबई विद्यापीठात २०१८ मध्ये युवा सेनेनं या दहाही जागा जिंकल्या, आणि बऱ्याच कोर्टकचेरीनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये झालेल्या निवडणुकीतही दहाच्या दहा. मतदार म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि नाव नोंदवलेले लोक. आज शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे मत नाही. विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांसाठी अधिसभेत जागा आहे, पण परिषदच नसेल तर ती कोण भरणार?

तरीही तुमच्या भागातला अधिसभा सदस्य कोण ते माहीत करून घ्या. अर्थसंकल्पाच्या बैठकीआधी त्यांना नेमके प्रश्न हवेच असतात. होस्टेलच्या जागा, निकालाचा उशीर, फेरतपासणीचं शुल्क, आकड्यांसह दिलंत तर ते विचारतात. आणि पदवी मिळाली की स्वतःचं नाव नोंदवा.

विद्यार्थी संघटना आणि विद्यार्थी परिषद एकच का?

नाही. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय, छात्रभारती या बाहेरच्या संघटना, त्यांच्यात कुणीही स्वेच्छेनं जातं. परिषद कायद्यानं बनते आणि कॉलेजातल्या प्रत्येकाची असते, संघटना न आवडणाऱ्याचीसुद्धा.

आंदोलन केल्याशिवाय काही हलत नाही, हे खरं ना?

अर्धं खरं. पुण्यात २०१५ साली एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस संप केला. देशभर चर्चा झाली, पण नेमणूक काही रद्द झाली नाही. उलट परीक्षेच्या तारखा, निकाल, हॉलतिकिटं यांवर मुलं विद्यापीठाच्या दारात बसली आणि संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं, असंही पुष्कळदा पाहिलं आहे. धरणं धरून एक तारीख बदलते. रोजचा कारभार बदलायला बैठकीत बसावं लागतं, आणि बैठक कंटाळवाणी असते. म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही.

बैठकीला बोलावलं तर तिथे काय करायचं?

कार्यसूची आधी मागून घ्या. पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. तुम्ही मान डोलावू नका, वाचा. गेल्या वेळी तुम्ही बोललेलं त्यात नसेल तर तिथेच, शांतपणे, नोंद करायला सांगा. इतिवृत्तात नाही ते बोललंच गेलं नाही, असं धरलं जातं.

तुमचा विषय आठ दिवस आधी लेखी देऊन कार्यसूचीवर घ्यायला लावा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यावर विसंबू नका. तोवर साडेपाच वाजलेले असतात, गावाकडच्या सदस्यांची एसटी निघायची असते. 'पाहू', 'विचाराधीन' असं उत्तर आलं तर विचारा: कोण पाहणार आणि कोणत्या तारखेपर्यंत? तेवढी दोन उत्तरं इतिवृत्तात आली की बैठक सार्थकी लागली.

आणि परत आल्यावर वर्गाला सांगा. मी जीएस असताना हे एकदाही केलं नाही.

मुलींच्या होस्टेलची वेळ कोण ठरवतं?

सहसा रेक्टर आणि प्राचार्य, 'पालकांचा आग्रह' या आधारावर. नियम मुलांना आणि मुलींना वेगळा का, हे लेखी विचारा, आणि लेखी उत्तर मागा. लेखी लिहायला बसलं की कारण सापडत नाही, असं मी दोनदा पाहिलंय.

समितीच्या बैठकीमुळे तास बुडला तर हजेरी मिळते का?

बैठकीची नोटीस आणि उपस्थितीच्या सहीची प्रत जोडून विभागप्रमुखांकडे त्याच आठवड्यात अर्ज द्या. सत्राच्या शेवटी सगळं एकदम दिलंत तर मिळत नाही. पोच घ्यायला विसरू नका.